हत्यारे गेली, रोजी गेली!
नेरे परिसरातील साइटवर कारागिरांना रोज भेडसावणारा प्रश्न

शुक्रवारचा दिवस होता. नेरे येथील एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर फरशी बसविण्याचे काम चालू होते. फरशीवाले मिस्त्री पनवेलच्या मोहल्ल्यातले, पन्नाशी ओलांडलेले. बाराच्या सुमारास प्लंबिंगचे काम करणारा एक तरुण त्यांच्याकडे आला. हा उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडचा. म्हणाला, "चाचा, भिंतीत दोन खाचा मारायच्या आहेत. ब्रेकर द्या, जुम्याच्या आधी आणून देतो." मिस्त्रींनी दिला. एकाच साइटवर रोज भेटणारा मुलगा, नमाजी मुलगा, नाही तरी कसे म्हणायचे?

काम आटोपेपर्यंत पाऊण वाजला. खुतबा चुकेल म्हणून त्या तरुणाने ब्रेकर तेथेच भिंतीशी ठेवला, त्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या आणि सारे जण मिळेल त्या रिक्षाने पनवेलला निघाले. अडीच वाजता परत आले तेव्हा गोण्या जागेवर होत्या, ब्रेकर नव्हता.

पुढे जे झाले ते कोणत्याही साइटवर होते तसेच. वॉचमन म्हणाला, मला कोणी काही सांगून गेले नव्हते. सुपरवायझरने गेटवरच्या पाटीकडे बोट दाखविले. त्या पाटीवर लिहिले होते की, आपल्या सामानाची जबाबदारी आपली. तरुण म्हणाला, मी चोरी केली नाही, मी कसे भरू? मिस्त्री म्हणाले, मी तर तुझ्या हातात दिला होता. दोन वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेली मशीन. बिल शोधले, सापडले नाही. मशीनचा नंबर कोठेही लिहून ठेवलेला नव्हता. पोलिसांत जायचे तर सांगायचे काय, "हिरव्या रंगाचा ब्रेकर"? तशा ब्रेकरची एकट्या पनवेल तालुक्यात मोजदाद होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी भाड्याने ब्रेकर आणला आणि दिवसाच्या मजुरीतून त्याचे भाडे जाऊ लागले.

पनवेलहून सात-आठ किलोमीटरवर, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे आहे. कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे या गावाचे नाव पुष्कळांना माहीत होते. भातशेती, डोंगर आणि गाढी नदीचे खोरे असा हा शांत मुलूख. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे 'नयना'ची अधिसूचना निघाली, सिडकोकडे नियोजन गेले, आणि हा मुलूख बदलू लागला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहात आहेत. गवंडी, सुतार, फरशीवाले, फॅब्रिकेटर, रंगारी, वायरमन, प्लंबर यांना येथे काम आहे. पनवेल आणि तळोजे येथील आपले कारागीर येथे येतात, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचे बांधवही येतात. कामाबरोबर हत्यारांची चोरीही आली.

गावातल्या घरी सुतार कामाला जायचा तेव्हा करवत, रंधा, पटाशी घरमालकाच्या ओसरीवर राहायची आणि सकाळी जागेवर सापडायची. साइटची गोष्ट निराळी. तेथे एका वेळी दहा ठेकेदारांची माणसे असतात, रोज नवे चेहरे येतात, दारे-खिडक्या लागलेल्या नसतात. शिवाय हत्यारही बदलले. थापी आणि ओळंबा कोणी चोरून नेत नाही, नेला तरी तो विकून काय मिळणार? ग्राइंडर, कटर, ड्रिल, लेझर लेव्हल, इन्व्हर्टर वेल्डिंग सेट या वस्तू पिशवीत मावतात आणि तासाभरात विकल्या जातात. बॅटरीवर चालणाऱ्या मशीनची तर नुसती बॅटरी काढून नेली तरी चोराचे भागते. कारागिराच्या हाती मात्र निरुपयोगी सांगाडा उरतो.

चोरीच्या वेळाही जवळजवळ ठरलेल्या आहेत. जेवणाची सुट्टी, संध्याकाळी हात-पाय धुण्याची वेळ आणि रविवार या सर्वांच्याच. आपल्या बांधवांच्या बाबतीत त्यात जुम्याचे दीड-दोन तास आणि रमजानमधील इफ्तारची वेळ यांची भर पडते. सर्वांत मोठी चोरी होते ईदच्या सुट्टीत. आठ-पंधरा दिवसांसाठी गावी जाताना संपूर्ण पेटी साइटवरच्या खोलीत ठेवली जाते. परतल्यावर कुलूप जागेवर असते, पण कडी मागून उचकटलेली असते. आपण कधी नसतो हे साइटवर सर्वांना ठाऊक असते, हे लक्षात घ्यावयास हवे.

कायदा आणि शरिअत या दोहोंनी कारागिराच्या हत्याराला मोठा मान दिला आहे. फिकहच्या ग्रंथांनुसार कारागिराच्या वापरातील अवजारांवर जकात नाही, कारण ती संपत्ती नसून कमाईचे साधन आहे. इंग्रजी अमदानीतल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. त्यानुसार कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी माणसाची मालमत्ता जप्त झाली तरी कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. सावकार जेथे हात लावू शकत नाही तेथे भुरटा चोर हात घालतो, आणि आपण ते नशिबावर सोडून देतो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण तिरमिजीत आली आहे. तिचा उल्लेख आपण बयानांत पुष्कळदा ऐकतो, पण पेटीला साखळी मात्र लावत नाही.

साखळी लावावीच. पेटी जाड पत्र्याची करावी. बिजागऱ्या बाहेरून दिसतील अशा ठेवू नयेत. कुलपाभोवती पत्र्याचे घर वेल्ड करून घ्यावे, म्हणजे कटर किंवा पहार आत जात नाही. आपले फॅब्रिकेटर बंधू असे काम अर्ध्या दिवसात करून देतात. रिकामी पेटीही दोघे उचलून नेतात, म्हणून ती कॉलमच्या सळईला किंवा स्लॅबमधील बोल्टला अडकवावी. रात्री बॅटऱ्या आणि लेझर लेव्हल घरी न्याव्यात. एवढे केल्याने पुष्कळ फरक पडेल. पण नेरेच्या या प्रकरणात पेटी होती, कुलूपही होते. ब्रेकर गेला तो पेटीबाहेर, दुसऱ्याच्या हातात असताना. आमच्या मते खरी उणीव कुलपाची नाही, नोंदीची आहे. कोणाचे हत्यार, कोणत्या नंबराचे, कितीला घेतलेले, कोणाकडे दिलेले, हे कागदावर नसले की ते हत्यार कोणाचेच राहात नाही.

नोंद आणि खूण

प्रत्येक मशीनच्या अंगावर कंपनीची पट्टी असते आणि तीवर तिचा स्वतंत्र नंबर असतो. सिमेंट आणि घामाने ही पट्टी वर्षभरात पुसट होते. म्हणून मशीन घेतली त्याच दिवशी त्या पट्टीचा आणि बिलाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि घरातल्या एखाद्याच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावा. पेटीबरोबर मोबाइलही गेला तर उपयोग काय? एक साधी वहीही पुरेशी आहे. मोबाइल चोरीस गेला तर २०२३ पासून सरकारच्या पोर्टलवरून तो देशभर बंद पाडता येतो. ग्राइंडरला तशी सोय नाही, त्याच्या बाबतीत आपली वही हीच सोय.

दुसरी गोष्ट खुणेची. इंग्लंडमध्ये कारागिरांनी आपल्या हत्यारांवर घराचा पोस्टकोड कोरून ठेवावा असे तेथील पोलीस सांगतात. तेथे एक पोस्टकोड साधारण दहा-पंधरा घरांचा असतो, त्यामुळे मालक लगेच सापडतो. आपला ४१०२०६ हा पिनकोड साऱ्या पनवेलचा, तेवढ्याने भागणार नाही. आपल्या नावाची आद्याक्षरे आणि मोबाइलचे शेवटचे पाच-सहा आकडे कोरावेत. हातोडा, पाना, पहार यांवर अक्षरांच्या पंचने ठोकावे किंवा वेल्डिंगचा ठिपका द्यावा. विजेच्या मशीनवर मात्र पंच ठोकू नये आणि भोकही पाडू नये. तिचे प्लॅस्टिकचे अंग हेच शॉकपासूनचे संरक्षण असते. त्यावर गरम सोल्डरने अगदी वरवर अक्षरे काढावीत. बॅटरीला तर उष्णता लावूच नये, तिच्यावर रंगाचा पट्टा ओढावा. खूण कोरलेल्या मशीनची जुन्या बाजारातली किंमत कमी होते म्हणून काही जण कां-कूं करतात. तिची किंमत चोरासाठीही तितकीच कमी होते.

तिसरी गोष्ट ठेकेदार आणि बिल्डरच्या स्टोअर रूमची. "जबाबदारी आपली" अशी पाटी लावली की संपले, असे पुष्कळांना वाटते. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ठेव म्हणून दिलेल्या वस्तूची तरतूद आहे. कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती, सामान्य समजूतदार माणूस आपली वस्तू सांभाळील, तितक्या काळजीने सांभाळली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली तर कलम १५२ प्रमाणे तो जबाबदार नाही. खोलीचे दार उघडे टाकले आणि वस्तू गेली, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. मात्र वस्तू त्याच्या ताब्यात दिली होती हे दाखविता आले पाहिजे. म्हणून स्टोअरच्या रजिस्टरमध्ये रोज नाव, वस्तू, वेळ आणि सही करून घ्यावी. रजिस्टर नसेल तर ठेकेदाराकडे ते मागावे. आपण ज्याच्याकडे काम करतो त्याच्याशी कागदाची भाषा बोलायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनमधील सूरह बकराच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे, तेव्हा लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे.

पोलीस ठाण्याची पायरी

नेरे पनवेल तालुका पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते आणि ते ठाणे नवी मुंबई आयुक्तालयात आहे. हद्दीचा वाद निघाला तरी कोणत्याही ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यावयाची असते. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. "हरवले" अशी ऑनलाइन नोंद करून घरी परतणारे पुष्कळ आहेत. वस्तू हरवणे वेगळे आणि चोरीस जाणे वेगळे. हरवल्याच्या नोंदीवर तपास होत नाही.

येथे एक बारकावा प्रत्येक कारागिराने समजून घ्यावा. नव्या कायद्याप्रमाणे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तीन हजारांचा एक ग्राइंडर गेला तर प्रकरण येथेच थांबू शकते. परंतु सामान ठेवण्यासाठी वापरात असलेल्या इमारतीतून किंवा खोलीतून चोरी झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ लागू होते. तेथे किमतीची अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कामावरच्या नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली तर कलम ३०६ आहे, शिक्षा तितकीच. तेव्हा हत्यार कोठे ठेवले होते, कुलूप होते काय, ते तोडले काय, हे सर्व फिर्यादीत यायला हवे. पिशवीतले लहानमोठे सारे सामान लिहावे: मशीन, बिट, ब्लेड, वायरचे बंडल, चार्जर. बिले जोडून एकूण रक्कम सांगावी. जे गेले नाही ते मात्र लिहू नये आणि किंमतही फुगवू नये. खोटी फिर्याद हा कायद्याने गुन्हा आहे आणि अल्लाहच्या दरबारी गुनाह.

ठाण्यात दाद लागली नाही तर पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे, अर्ज पाठवावा. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत ठाण्यात गंजत ठेवण्याची गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे की, मुद्देमालाचे फोटो आणि पंचनामा करून तो लवकर परत द्यावा. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर आपली मशीन आणता येते. पण ती आपली आहे हे तेथेही सिद्ध करावे लागते, आणि पुन्हा त्या वहीचीच आठवण होते.

विम्याविषयी थोडक्यात. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत, आपापल्या आलिमांना विचारावे. घरफोडीच्या विम्यात सहसा दार-कुलूप फोडल्याची खूण लागते. उघड्या मजल्यावरून उचललेल्या मशीनचे पैसे त्यात मिळत नाहीत, हे आधी वाचून घ्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा हस्तव्यवसायांना हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचे व्हाउचर आहे. त्यात सुतार, लोहार, राजमिस्त्री, कुलूप दुरुस्त करणारे, शिंपी, न्हावी आहेत. प्लंबर, वायरमन, रंगारी नाहीत. शिवाय ही मदत एकदाच मिळते, हत्यारे चोरीस गेली म्हणून पुन्हा मिळत नाही.

घेणाऱ्याचे काय?

आता आपल्याच व्यापारी बंधूंशी काही बोलणे भाग आहे. भंगाराच्या आणि जुन्या मशीनच्या धंद्यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. मुंबईच्या मटन स्ट्रीटपासून महामार्गाकडेच्या पत्र्याच्या शेडपर्यंत बहुतेक जण इमानाने धंदा करतात. पण चोरलेला ग्राइंडर चोर स्वतः वापरत नाही. तो कोणीतरी विकत घेतो म्हणून चोरी होते. अडीच हजारांची मशीन कोणी चारशेला देऊ लागला, नंबराची पट्टी घासून काढलेली आहे, चार्जर नाही, आणि विकणाऱ्याला "कुठून आणली" विचारले की तो घाईत आहे, तर घेणाऱ्याला कळत नाही असे कसे म्हणावे? कायदाही तसे मानत नाही. चोरीचा आहे असे समजण्यास कारण असूनही माल घेतला तर न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तोच धंदा म्हणून करणाऱ्यास दहा वर्षे किंवा जन्मठेपही होऊ शकते. आणि निव्वळ भाबडेपणाने घेतला तरी १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे चोराकडे मालकीच नव्हती, म्हणून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. मूळ मालक आला की मशीनही जाते आणि पैसेही.

दुकानात एक रजिस्टर ठेवावे. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राचा फोटो, मशीनचा नंबर लिहावा आणि पावती द्यावी. गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती एका दुकानदाराने आमच्याजवळ व्यक्त केली. होईलही. जे गिऱ्हाईक नाव सांगायला तयार नाही तेच कमी होईल. ज्या पैशात दुसऱ्याची बंद पडलेली रोजी मिसळली आहे त्या पैशाने घरात बरकत येईल काय, याचे उत्तर त्या दुकानदारालाही माहीत होते. तो पुढे काही बोलला नाही.

मिस्त्री आणि त्या तरुणाचे प्रकरण शेवटी मोहल्ल्यातील एका आलिमांकडे गेले. तेथे निघालेला मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटला. मिस्त्री कोकणी, शाफई मसलकाचे. त्यानुसार उसनी घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हमीवर असते. ठरलेल्या वापरात झिजली तर गोष्ट वेगळी, पण चोरीस गेली तर चूक नसली तरी त्याने तिची त्या दिवशीची किंमत भरून द्यावी. हुनैनच्या मोहिमेआधी प्रेषित (स.) यांनी सफवान बिन उमय्या यांच्याकडून चिलखते घेतली. सफवान तेव्हा मुसलमान झाले नव्हते. चिलखते जबरीने घेत नसून भरपाईच्या हमीवर उसनी घेत आहोत, असे प्रेषितांनी त्यांना सांगितल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आहे, आणि त्याचाच आधार शाफई फकीह घेतात. तरुण हनफी. हनफी मसलकात उसनी वस्तू अमानत मानली जाते, हयगय नसेल तर भरपाई नाही. तरुणाचे म्हणणे त्याच्या परीने खरे होते. आलिमसाहेबांनी त्याला एवढेच विचारले की, दार नसलेल्या मजल्यावर गोण्यांखाली मशीन ठेवून जाणे, ही हयगय नाही काय? स्वतःचा मोबाइल तू तेथे ठेवला असतास काय?

मग सुलह झाली. दोन वर्षे वापरलेल्या ब्रेकरची किंमत बारा हजार धरली. चार हजार मिस्त्रींनी सोडले, कारण जुम्याच्या घाईत दिलेली वस्तू परत घेतल्याशिवाय तेही निघून गेले होते. उरलेले आठ हजार तरुणाने दरमहा दोन हजारांप्रमाणे द्यावयाचे ठरले. आतापर्यंत दोन हप्ते पोहोचले आहेत. मिस्त्रींनी नवा ब्रेकर घेतला. त्याचे बिल आणि नंबराचा फोटो त्यांनी आम्हाला मोबाइलवर काढून दाखविला. पेटीत चाळीस पानी वही आहे, तीत उसने नेणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिलेली असते. वहीतली पहिली नोंद त्याच प्लंबर तरुणाची आहे: कटर, सकाळी १०.४०, परत ११.१५.